पोरीच्या हाताची गिटार

आमच्या घराला वाद्य नवे नाही. आजोबांच्या वेळची ढोलकी अजून माळ्यावर आहे, पेटी आहे, आणि पोरीचा मामा गेली वीस-बावीस वर्षे गायन पार्टीत बँजो वाजवतो. एप्रिल उजाडला की हा माणूस स्वतःच्या घरीसुद्धा पाहुण्यासारखा येतो. त्यामुळे आठवीतल्या आमच्या धाकटीने, “मला गिटार शिकायची आहे,” म्हटले तेव्हा आम्हाला तसा धक्का बसला नाही. बसला तो किंमत ऐकून.

आम्ही दोघे कष्टाचे खाणारे. एकाची रेल्वेच्या वर्कशॉपात फिटरची नोकरी, दुसरीचे घरात शिवणाचे मशीन. विक्रोळीला दहा बाय पंधराची खोली, त्यात पाच माणसे. गिटार कुठे ठेवायची इथपासून प्रश्न होता. शिवाय भावकीतले एक वडीलधारे म्हणाले, “गिटार कशाला? ते आपलं वाद्य नव्हे.” आता यावर काय बोलावे? पेटी युरोपातून आली. मामाचा बँजो, म्हणजे बुलबुल तरंग, मूळचा जपानी वाद्यावरून आलेला. आणि बाबासाहेबांनी उतारवयात शिकायला घेतले ते व्हायोलिन, ते तरी कुठे आपल्या गावच्या बाजारात मिळत होते? जे वाजवले ते आपले झाले. असो. वडीलधाऱ्यांना आम्ही चहा दिला आणि विषय बदलला.

खरी चूक आम्ही केली ती पुढे.

आमच्या लहानपणी गावाकडे चपला कशा यायच्या, ते आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. वडील पायाचे माप सुतळीने घ्यायचे, सुतळी खिशात घालून बाजाराला जायचे आणि मापापेक्षा दोन बोटे मोठी चप्पल आणायचे. वर्ष दोन वर्षे पुरली पाहिजे ना! रंग कोणता हवा, पट्टा कसला हवा, हे कोणी विचारले नाही आणि विचारावे असे आम्हालाही कधी वाटले नाही. वस्तू मिळाली हेच मोठे होते. तीच सवय आमच्या हाडात मुरलेली. पोरगी नववीत गेली, मार्क चांगले पडले, भिशीचा नंबर लागला होता. तिला न सांगता आम्ही दोघे दुकानात गेलो आणि गिटार घेऊन आलो. दुकानाचे नाव सांगत नाही, त्याचा उपयोगही नाही.

काळी कुळकुळीत, आरशासारखी चमकणारी गिटार. दुकानात होती त्यांतली सर्वांत मोठी. चार हजार आठशे रुपयांत पिशवी, पट्टा आणि वाजवायच्या तीन प्लास्टिकच्या पाकळ्या फुकट. दुकानदाराने झणझण वाजवून दाखवली, आवाज रस्त्यापर्यंत गेला, आणि आम्ही खूश. मोठी आहे, आवाज मोठा आहे, पैसे वसूल! पोरीने पाहिली तेव्हा ती उड्या मारत होती. शेजारपाजारचे बघायला आले.

पंधरा दिवसांत तिच्या डाव्या हाताच्या बोटांवर फोड आले. पलीकडच्या बिल्डिंगमधला एक मुलगा तिला शिकवायचा. तो म्हणाला, सुरुवातीला दुखतंच. हे खरेच आहे. पोलादी तारा कोवळ्या बोटांनी दाबायच्या म्हणजे पहिले काही आठवडे बोटे दुखतात, मग कातडी घट्ट होते. पण हिची बोटे महिन्याने दुखायची थांबेनात. सूर लागला म्हणून वाजवावे तर भलताच वाजे. उजवा खांदाही अवघडायचा. जुलै गेला, ऑगस्ट गेला, आणि गिटार खिळ्याला लटकली ती लटकलीच.

तेव्हा आम्ही तिला बोललो. “तुझ्या हौसेपायी भिशीचे पैसे गेले,” असे बोललो. एकदा नाही, चार-पाच वेळा. ती उलटून काही बोलली नाही, हात चोळत बसली. हे लिहिताना आम्हाला बरे वाटत नाही. पण लिहायचेच तर खरे लिहावे.

ऑक्टोबरात मामा नागपूरचा कार्यक्रम करून परतला, जेवायला आला. खिळ्यावरची गिटार पाहून त्याने खाली काढली. मांडीवर घेतली, डोळ्यापुढे धरून बंदुकीचा नेम धरावा तशी मानेवरून नजर टाकली, आणि पोरीच्या कंपासपेटीतली पट्टी मागितली. गिटारच्या मानेवर आडव्या धातूच्या पट्ट्या असतात, सतारीच्या पडद्यांसारख्या. त्यांना फ्रेट म्हणतात. बाराव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातली जागा त्याने मोजली. सहा मिलिमीटर!

“दाजी,” तो म्हणाला, “इथं जाड तारेला अडीच आणि बारीक तारेला दोनच्या आसपास पाहिजे. ही सहावर आहे. पोरीची चूक नाही. ही मलासुद्धा वाजवता येणार नाही.”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. एकाच्या हातात दिवसभर फीलर गेज असते, मिलिमीटरचे दहा भाग मोजून रेल्वेचे काम चालते. दुसरी गळ्यात टेप घालून वस्तीतल्या बायकांची मापे घेते. अर्धा इंच चुकला तर ब्लाऊज उसवून पुन्हा शिवते. जगाची मापे घेणारे आम्ही, स्वतःच्या पोरीचे माप घ्यायला विसरलो होतो.

मामाने मग आम्हाला सगळे उलगडून सांगितले. चांगल्या गिटारच्या मानेच्या पोटात एक लोखंडी सळई असते. सहा तारांचा ताण माणसाच्या वजनाइतका होतो. मान त्या ताणाने पुढे वाकू नये म्हणून ती सळई. किल्लीने पिळून वाक कमी-जास्त करता येतो. आमच्या गिटारमध्ये ती सळईच नव्हती. वर पावसाळाभर ओलीच्या भिंतीला टांगलेली, त्यामुळे ज्या लाकडी पट्टीत तारा अडकवतात ती मागून उचलली गेली होती. तार जितकी उंच, तितकी दाबायला जड, आणि दाबताना ती ताणली जाते म्हणून सूरही चढतो. म्हणजे पोरगी बरोबर दाबत होती, तरी बेसूरच वाजणार होते.

आणि आकार! आम्ही मोठी म्हणून घेतली ती जात ‘ड्रेडनॉट’ म्हणून ओळखली जाते. १९०६ साली इंग्रजांनी पाण्यात उतरवलेल्या अजस्र युद्धनौकेचे ते नाव. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९१६ साली डिटसन नावाच्या विक्रेत्यासाठी अशी रुंद, खोल पोटाची गिटार बनवली आणि पुढे जगभर तीच चालली. आवाज दणदणीत, यात शंका नाही. पण सव्वाचार फूट आणि काही इंच उंचीच्या पोरीला तिच्यावरून हात टाकून वाजवायचे म्हणजे रिक्षावाल्याने ट्रकचे स्टिअरिंग धरण्यासारखे. खांदा भरून येणारच.

त्या रात्री आम्ही पोरीला म्हटले, “चुकलं आमचं.” आईबापांनी मुलांना असे म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. ती म्हणाली, “जाऊ दे ना पप्पा.” आणि पांघरूण डोक्यावर घेऊन झोपली. झोपली नव्हती, ते कळत होते.

पुन्हा पैसे जमवायला वर्ष लागले. ओव्हरटाइम, लग्नसराईतली शिलाई, पुन्हा भिशी. त्या वर्षात ती त्या मुलाची गिटार मागून वाजवत राहिली. एकदा मोबाईलवर तिने आम्हाला एक म्हातारी दाखवली. एलिझाबेथ कॉटन, अमेरिकेतली काळी बाई, जन्म १८९३चा. लहानपणी शाळा सुटून लोकांच्या घरी धुणीभांडी करू लागली आणि त्या पैशांतून तिने आपली गिटार विकत घेतली. बाई डावखुरी. उजव्या हाताची गिटार तिने तशीच उलटी धरली आणि अंगठ्याने गाण्याची चाल, बोटांनी खालचे सूर, अशी स्वतःची रीत बसवली. मग संसारात वाद्य सुटले ते अनेक वर्षे. पुढे गाणीबजावणी करणाऱ्या एका कुटुंबात घरकामाला असताना तिने भिंतीवरची गिटार उतरवली आणि पुन्हा वाजवू लागली. १९८५ साली, नव्वदी ओलांडल्यावर, तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. भांडी घासणाऱ्या बाईने स्वतःच्या कमाईची गिटार घेतली, हे ऐकून पोरीची आई बराच वेळ मशीन थांबवून बसली होती. मग म्हणाली, “या खेपेला तीच निवडेल. आपण फक्त पैसे द्यायचे.”

एका शनिवारी चौघे निघालो, मामाही बरोबर. सीएसएमटीला उतरून चालत धोबी तलावापर्यंत. त्या भागात वाद्यांची जुनी दुकाने आहेत. काचेचे दार, आत गार हवा, भिंतीभर टांगलेल्या गिटारी. दारात आमचे पाय अडखळले. चपला काढायच्या की नाही, हे कळेना. पोरगी मात्र सरळ आत गेली. विक्रेता मुलगा सभ्य होता. त्याने पहिला प्रश्न विचारला तो आम्हाला नाही, तिला: “काय वाजवणार? कोणाचं आवडतं?”

ती म्हणाली, “मी गाते. गाताना सोबत वाजवायचीये.”

हा प्रश्न आम्ही तिला दोन वर्षांत विचारला नव्हता.

मग दीड तास ती वाजवत होती आणि आम्ही स्टुलावर बसून पाहत होतो. प्रथम त्याने नायलॉनच्या तारांची दिली, क्लासिकल म्हणतात ती. स्पेनमधल्या अँतोनियो दे तोरेस (१८१७-१८९२) या सुतारकामातून आलेल्या कारागिराने तिला आजचे रूप दिले. मामाला त्याची एक गोष्ट फार आवडते. गिटारचा आवाज मुख्यतः पुढच्या पातळ फळीतून येतो, हे दाखवायला या माणसाने १८६२ साली पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या, पुढची फळी तेवढी लाकडी. तर ती नायलॉनची गिटार. बोटांना मऊ, आवाज गोड, सायीसारखा. आम्हाला वाटले, झाले काम. पण तिची मान बावन्न मिलिमीटर रुंद, पोरीचे बोट खालच्या जाड तारेपर्यंत पोचताना मनगट वाकडे होई. पोलादी तारांच्या गिटारला तीच रुंदी त्रेचाळीस-चव्वेचाळीस असते. तिने हळूच परत दिली.

दुसरी शिसवी पाठीची. आपल्याकडचे शिसव जगभरचे गिटार करणारे मागवून घेतात, हे आम्हाला त्या दिवशी कळले. शिसव फार तुटू नये म्हणून २०१७ साली त्याच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले, आणि तयार वाद्यांना २०१९ मध्ये त्यातून सूट मिळाली, असे त्या मुलाने सांगितले. आम्ही शिसव पाहिले होते ते गावच्या वाड्यातल्या पलंगाचे, तेही अंगणात उभे राहून, लांबून. ते लाकूड आज पोरीच्या मांडीवर होते. वाजवल्यावर घंटेसारखा आवाज घुमत राहिला. किंमत चोवीस हजारांवर. आम्ही मनात आकडे मांडू लागलो. कर्ज काढावे का, इथपर्यंत गेलो. पोरीने मान हलवली. “आवाज छान आहे, पण माझ्या गाण्यावर चढतोय.” पैशांकडे पाहून म्हणाली असेल, अशी शंका आम्हाला आली. मामा म्हणाला, “नाही दाजी. तिचा आवाज खर्जातला आहे. ती बरोबर बोलतेय.”

तिसरी, चौथी, पाचवी. आम्हाला चौथी आवडली होती: पिवळीधमक, मोठी, दणदणीत. सवयच ती. आपले कार्यक्रम उघड्या मैदानात, शेजारी भोंगा, समोर हजार माणसे. जो जोरात वाजतो तो ऐकू येतो. पण सहावी तिने हातात घेतली तेव्हा ती बोलायचीच बंद झाली. लहान पोटाची, कमरेत बारीक, तपकिरी रंगाची, अजिबात न चमकणारी. पुढची फळीही महोगनीची. आवाज ऐकून आम्हाला वाटले, ही तर मिणमिणती. घुमत नाही, झणझणत नाही. तार छेडली की गोल, कोरडा, जवळून बोलल्यासारखा आवाज येतो आणि विरतो. तिने डोळे मिटून एक गाणे गुणगुणले. वाद्याचा आवाज तिच्या आवाजाच्या खाली जाऊन बसला, सतरंजी अंथरावी तसा.

तरी आई म्हणालीच, “अगं, चार माणसांत ऐकू तरी येईल का ही?”

पोरगी म्हणाली, “आई, पप्पांची नाइट असली की ते दिवसा झोपतात. ती मोठी मी कधी वाजवू? ही वाजवली तर त्यांची झोप मोडणार नाही. आणि मला असाच आवाज आवडतो. पहिल्यापासून.”

पहिल्यापासून! म्हणजे काळी गिटार आली त्या दिवशी ती उड्या मारत होती, तेव्हाही तिच्या कानात हा आवाज होता.

मग मामाने तपासणी केली. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून एक-एक सूर ऐकला, कुठे खरखर येते का. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसते बोट टेकवून सूर काढला, मग तिथेच तार दाबून. दोन्ही सूर तंतोतंत जुळले. मानेवरून नेम धरला. पुढच्या गोल भोकाची कड दाखवून त्याने आम्हाला लाकडाच्या रेषा पाहायला लावल्या. रेषा कडेवरून सरळ आत उतरत असतील तर फळी अखंड. थर दिसले तर प्लाय. आमची प्लायची निघाली. विक्रेत्यानेही लपवले नाही. अखंड फळीचा आवाज वर्षांगणिक खुलतो, पण मुंबईचा पावसाळा तिला सोसवत नाही, फार जपावे लागते. आमच्या खोलीत प्लायच बरी, असे तो म्हणाला. मामालाही पटले. तार उंच होती ती दुकानातल्या कारागिराने समोरच घोडी घासून अडीचवर आणली आणि तारा सर्वांत पातळ, दहा नंबरच्या चढवून दिल्या. सगळे मिळून अकरा हजार दोनशे. मामा घासाघीस करायला लागला, दोनशे सुटले.

घरी तिची जागा ठरली आहे: कपाटावर, पिशवीत, ओलीच्या भिंतीपासून दूर. पावसाळ्यात पिशवीत बुटांच्या खोक्यातल्या त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकतो. शेजारी आता पुड्या फेकत नाहीत, आणून देतात. वाजवून झाले की तारा सुती कापडाने पुसायच्या, नाहीतर घामाने गंजतात. कापड शिवणातल्या चिंध्यांचे, त्याला तोटा नाही. बोटांवर आता घट्टे पडले आहेत. ती ते मैत्रिणींना दाखवते. रात्रपाळीहून आल्यावर सकाळी झोपताना कधी कधी तिचे वाजवणे कानावर येते, कधी येत नाही.

आणि ती काळी गिटार? भंगारात घालायला निघालो होतो. मामाने अडवले. ब्रिज चिकटवून घेतला, गिटार मांडीवर आडवी झोपवली आणि गुळगुळीत लोखंडी नळीचा तुकडा तारांवरून सरकवत वाजवू लागला. हवाईयन पद्धत. जुन्या ऑर्केस्ट्रांत ही असायचीच. ब्रिजभूषण काब्रा यांनी अशाच आडव्या गिटारवर राग वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ची ध्वनिमुद्रिका आहे. या पद्धतीत तार फ्रेटला टेकवायचीच नसते, म्हणून ती उंचच लागते. पोरीची बोटे फोडणारे सहा मिलिमीटर मामाला हवेच होते! नळीचा तुकडा वर्कशॉपातल्या भंगारातून घासून, पॉलिश करून आम्ही दिला.

परवा दोघे एकत्र वाजवायला बसले. जमेना. मामा तारा आपल्या पद्धतीने लावतो, सगळ्या मोकळ्या छेडल्या की एकच सुरावट वाजावी अशा. तिच्या लावलेल्या वेगळ्या. तो म्हणतो, तू तुझ्या बदल. ती म्हणते, मामा, तू बदल. अकरा वाजले तरी दोघांच्या खुंट्या पिळणे चालूच होते.